नैरोबीचा ठेकेदार

पुणं कधी जन्मलं, नाशिक कधी, असं कोणी विचारलं तर आपण शतकांत उत्तर देतो. नैरोबीची तारीख सांगता येते: ३० मे १८९९. मोंबासाच्या बंदरातून निघालेले रूळ त्या दिवशी सव्वातीनशे मैल कापून इथे पोचले आणि थांबले. पुढे रिफ्ट व्हॅली या प्रचंड खोल दरीचा कडा होता. तो उतरायच्या आधीची शेवटची सपाट जागा ही, आणि शेजारी नदीचं पाणी. इंजिनं दुरुस्त करायला, सामान साठवायला, माणसांना मुक्काम करायला एवढं पुरे. शहर वसवावं असं कोणाच्या मनात नव्हतं. जागा दलदलीची, पपायरसच्या लव्हाळ्यांनी भरलेली, माती काळी, पावसाळ्यात चिखलात गुडघ्यापर्यंत पाय रुतावा अशी. डॉक्टर मंडळी पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिली, हे ठाणं इथून हलवा. पण तोवर दुकानं लागली होती. दुकानं लागली की गाव हलत नाही.

नोकरीनिमित्त काही वर्षं मी या शहरात राहिले. तिथल्या रेल्वेच्या संग्रहालयात गेलं की गोष्ट अशी सांगितली जाते: इंग्रज इंजिनियर, त्सावोचे नरभक्षक सिंह, आणि हजारोंच्या संख्येनं हिंदुस्थानी मजूर. सिंहांना फार मोठी जागा मिळते. मी ते सगळं बघत असताना माझ्या डोक्यात एक प्रश्न घोळत होता, बहुधा किराणा दुकानदाराची नात असल्यामुळे. या माणसांच्या पिठामिठाची सोय कोण करत होतं? वाळवंटात, जिथं पाणीसुद्धा गाडीनं आणावं लागे, तिथं रोज हजारो माणसांना भात, डाळ, पीठ, तूप कोणी पोचवलं?

उत्तरातलं मुख्य नाव अलीभाई मुल्ला जीवनजी.

जन्म १८५६, कराचीचा. दाऊदी बोहरा घराणं. शाळा नावापुरतीच. १८८६ च्या सुमारास हा गडी ऑस्ट्रेलियात ॲडलेडला पोचला, तिथं पूर्वेकडचा माल विकून पैसा केला, आणि १८९० च्या आसपास मोंबासात पेढी उघडली. ॲडलेड ते मोंबासा ही उडी नकाशावर विचित्र दिसते, पण त्या काळच्या कच्छी, सिंधी, बोहरी व्यापाऱ्याला हिंदी महासागर म्हणजे घरचंच अंगण. ईशान्येचे वारे सुटले की गलबतं आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागत आणि नैर्ऋत्येचे सुरू झाले की परतत. हे शेकडो वर्षं चालू होतं. झांजीबारचा जकातीचा मक्ता कच्छी भाटियांकडे असे. जीवनजी काही अनोळखी मुलखात गेले नाहीत. ओळखीच्या किनाऱ्यावर उतरून अनोळखी मुलखाकडे तोंड करून उभे राहिले, एवढाच फरक.

त्या मुलखात तेव्हा एक इंग्रज कंपनी कारभार पाहत होती. इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनी, १८८८ ची सनद. आपल्याकडची ईस्ट इंडिया कंपनी गुंडाळून तीस वर्षं झाली होती, आणि तिकडे तोच खेळ नव्यानं मांडला जात होता. या कंपनीला कारागीर हवे होते, मजूर हवे होते, शिपाईसुद्धा हवे होते. जीवनजींनी ते हिंदुस्थानातून आणून दिले. कंपनी लवकरच डबघाईला आली, १८९५ मध्ये सरकारनं मुलूख ताब्यात घेतला आणि रेल्वेचा घाट घातला. ठेका पुन्हा जीवनजींकडे: पंजाबातून माणसं भरती करायची, कराचीहून जहाजात घालायची, मोंबासाला उतरवायची, आणि पुढे त्यांना खायला घालायचं. नंतर त्यात दगडफोड, भराव, स्टेशनं, सरकारी इमारती हेही आलं.

लंडनमध्ये या रेल्वेला ‘वेडी लाइन’ म्हणत. का बांधायची, कुठून कुठे जाणार, खर्च कोण देणार, याची खिल्ली पार्लमेंटात उडवली गेली. शेवटी पन्नास लाख पौंडांच्या वर पैसा गेला. पण त्या वेडेपणात एक गोष्ट फार शहाणपणानं केली होती. ती लाइन जवळजवळ सगळीच हिंदुस्थानी होती. गेज मीटर, आपल्याकडच्या लहान रुळांचा. सुरुवातीची काही इंजिनं हिंदुस्थानातून आणलेली जुनी. स्लीपर लाकडाचे टाकले तर वाळवी खाऊन टाकणार म्हणून लोखंडी. चलन रुपया, आणि तो १९२० पर्यंत चालला. कायदा हिंदुस्थानी दंडसंहितेचा. सुरुवातीला पोस्टाची तिकिटंसुद्धा आपल्याकडचीच, वर फक्त ‘ब्रिटिश ईस्ट आफ्रिका’ असा छाप मारलेला. मुंबईचा माणूस तिथं उतरला तर खिशातली नाणी बदलायची गरज नव्हती आणि गुन्हा केला तर कलमही ओळखीचं लागलं असतं.

साल लक्षात घ्यायला हवं. १८९६. मुंबईत मांडवीला प्लेग निघाला ते वर्ष. दुष्काळाचंही. पुढच्या वर्षी पुण्यात रँड. मराठी घरात वाढलेल्या माणसाला ही दोन वर्षं पाठ असतात, पण त्याच वर्षी पंजाबातून हजारो लोक कराचीच्या धक्क्यावर उभे होते हे आपल्या त्या चित्रात नसतं. प्लेगमुळे कराचीहून माणसं पाठवणं मध्यंतरी बंदही करावं लागलं. आणि समुद्रापलीकडेही तसंच. १८९० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत गुरांचा बुळकांड्या आला आणि मसाईंचे कळप साफ झाले. मग देवी, मग अवर्षण, आणि १८९८–९९ चा भयानक दुष्काळ. किकुयू आणि कांबा लोकांच्या वाड्यावस्त्या ओस पडल्या. रूळ पुढे सरकत होते ते अशा मुलखातून. नंतर आलेल्या गोऱ्यांनी बघितलं आणि म्हटलं, ही जमीन तर मोकळीच आहे! ती नुकतीच मोकळी झाली होती.

एकूण सुमारे ३२ हजार माणसं हिंदुस्थानातून या रेल्वेवर गेली. जवळजवळ अडीच हजार मेली, हजारो अपंग वा आजारी होऊन परतली. सिंहांनी खाल्लेले त्यात मूठभर. हिवताप, आमांश, पायातल्या जखमा, सुरुंगाचे अपघात, बाकी सगळे यांनी. तरी संग्रहालयात सिंहच. १८९८ मध्ये त्सावोला सिंहांच्या भीतीनं मजुरांनी काम टाकून गाडीत बसून परत जायचा आग्रह धरला, तेव्हा पुलाचं काम आठवडेच्या आठवडे बंद पडलं होतं. मला त्या गोष्टीत सिंहांपेक्षा तो संप जास्त भावतो.

आता मुख्य अडचण. या सगळ्यात जीवनजींचं काय करायचं? मृत्यूंचा हिशेब रेल्वेच्या नावावर जातो हे खरं, पण माणसं कोणाच्या करारावर आली? ठेकेदाराच्या. आपल्याकडे साखर कारखान्याला ऊसतोड टोळी आणणारा मुकादम असतो, तसं त्यांचं काम, फक्त समुद्रापलीकडचं आणि प्रचंड मोठं. मुकादम वाईट माणूस असतोच असं नाही. पण टोळीतली बाई फडात आजारी पडली तर तिचं नाव त्याच्या वहीत उचलीच्या रकमेपुढेच असतं. जीवनजींच्या वह्यांत काय होतं कोण जाणे. त्यांचं चरित्र त्यांच्या नातीनं, झरिना पटेल यांनी, लिहिलं आहे, आणि त्या स्वतः डाव्या विचारांच्या कार्यकर्त्या. आजोबांवर असा लोभ आणि अशी विचारसरणी एकत्र असलेलं चरित्र मी तरी दुसरं वाचलेलं नाही.

एक गैरसमज इथेच मोडून टाकते, कारण तो आपल्याकडे सुशिक्षित लोकही सांगतात. पूर्व आफ्रिकेतले हिंदुस्थानी म्हणजे रेल्वेच्या मजुरांची मुलंनातवंडं, असं नाही. मजुरांपैकी साडेसहा हजारांच्या आसपास लोक मागे राहिले. बाकी परत गेले. पुढे ज्यांची दुकानं गावोगाव लागली ते बहुतेक कच्छ, काठियावाड, गुजरातमधून स्वतःच्या पैशानं, काकामामाच्या चिठ्ठीवर आलेले. अलिदिना विश्राम हा त्यांतला सगळ्यात मोठा. त्यानं युगांडापर्यंत दुकानांची माळ लावली. जीवनजींचं बळ निराळं. ते गाव बांधण्यात होतं.

आणि नैरोबीत बांधायला सगळंच बाकी होतं. पत्र्याच्या शेड, तंबू, आणि एका बाजूला ‘इंडियन बाझार’ नावाची लाकूड-पत्र्याची गर्दी. दुकान पुढे, संसार मागे, गटार मध्ये. १९०० साली तिथं रोझेंदो रिबेरो नावाचे गोव्याचे डॉक्टर आले. गावातले पहिले खासगी डॉक्टर. ते रोग्यांना बघायला माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून जात. तो झेब्रा पुढे मुंबईच्या राणीच्या बागेला विकला असं सांगतात. खरं असलं तर आपल्यापैकी कोणाच्या तरी पणजीनं तो पाहिला असणार. १९०२ मध्ये बाजारात माणसं पटापट मरायला लागली तेव्हा ‘हा प्लेग आहे’ असं ओळखणारे रिबेरोच. सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यानं ऐकलं आणि सगळा बाजार पेटवून द्यायचा हुकूम दिला. त्यात रिबेरोंचा स्वतःचा दवाखानाही गेला. रोग ओळखल्याचं बक्षीस असं लगेच मिळालं.

प्लेगच्या नावानं घरं जाळायची, माणसं हलवायची, गोऱ्यांची वस्ती वेगळी काढायची: मुंबईपुण्यात जे घडलं त्याचीच ही पुढची आवृत्ती. आणि माणसंही तीच येत होती. १९१३ मध्ये नैरोबी आणि मोंबासाच्या आरोग्याची पाहणी करायला प्रोफेसर सिम्प्सन यांना बोलावलं, ते आधी कलकत्त्याचे आरोग्याधिकारी होते. त्यांनी सल्ला दिला की वंशावंशांच्या वस्त्या वेगळ्या असाव्यात. आरोग्याचं कारण नेहमी सोयीचं असतं, त्याच्याशी वाद घालता येत नाही.

जळालेल्या गावात जो बांधकाम करू शकतो त्याचे दिवस येतात. जीवनजींचे आले. त्यांनी इमारती बांधल्या, त्यांतल्या काही सरकारलाच भाड्यानं दिल्या. १९०४ मध्ये गावाला पहिला नीट बाजार बांधून दिला, जीवनजी मार्केट. त्याच्याही आधी, १९०२ मध्ये, मोंबासात त्यांनी एक साप्ताहिक काढलं होतं, ‘आफ्रिकन स्टँडर्ड’. संपादक इंग्रज, भाषा इंग्रजी, आणि मालक असा माणूस की ज्याची शाळा कराचीतच सुटली होती. जहाजं कधी लागणार, कापडाचा भाव काय, कोणाचा माल आला, याच्या बातम्या व्यापाऱ्याला लागतात. शिवाय एक हिशेब असणार: ज्या गावात मत बनायचं आहे तिथं छापखाना आपल्या हातात असलेला बरा. पण तो हातात ठेवला नाही. तीन वर्षांत, १९०५ मध्ये, पत्र दोन गोऱ्यांना विकलं. त्याचं ‘ईस्ट आफ्रिकन स्टँडर्ड’ झालं, ते नैरोबीला गेलं, आणि पुढची कित्येक वर्षं गोऱ्या जमीनदारांचा आवाज बनून हिंदुस्थान्यांवर आग ओकत राहिलं. आज ते ‘द स्टँडर्ड’ या नावानं केनियातल्या प्रमुख दैनिकांपैकी एक आहे. मी रोज सकाळी ते वाचत असे आणि पहिल्या पानावरच्या नावाकडे बघून मला या विक्रीची हळहळ वाटे. नको होतं विकायला. पण व्यापारी तोट्यातली वस्तू किती दिवस सांभाळणार?

मग १९०६. हे वर्ष मला जीवनजींच्या आयुष्यातलं सगळ्यात बोलकं वाटतं. त्यांनी गावाच्या मध्यभागी पाच एकरांची बाग करून नैरोबीला दान दिली आणि तिच्यात व्हिक्टोरिया राणीचा पुतळा बसवला. अनावरण केलं ड्यूक ऑफ कॅनॉटनं, म्हणजे राणीच्याच मुलानं. हा ड्यूक मुंबई फौजेचा सेनापती म्हणून आपल्याकडे राहून गेलेला.

आता मी मराठी माणूस. राणीचा पुतळा म्हटलं की मला दामोदर चापेकर आठवतात. १८९६ मध्ये मुंबईच्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं आणि जोड्यांची माळ घातली ते. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. तो संगमरवरी पुतळा आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, जुन्या पुतळ्यांच्या अडगळीत आहे. म्हणजे इकडे डांबर, आणि दहा वर्षांच्या आत तिकडे एक हिंदुस्थानी स्वखर्चानं तीच राणी उभी करतोय. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नाक मुरडलं. खुशमस्कऱ्या ठेकेदार, दुसरं काय! आपल्या इतिहासात देशभक्त, समाजसुधारक आणि संत यांना ठरलेल्या जागा आहेत. व्यापाऱ्याची जागा देणगीदारांच्या पाटीवर. त्यानं पैसे द्यावेत आणि बाजूला व्हावं.

पण नंतर त्या वर्षांतली भांडणं वाचत गेले तेव्हा पुतळा निराळा दिसायला लागला. डोंगराळ, थंड, सुपीक ‘हायलँड्स’ची जमीन फक्त गोऱ्यांना द्यायची, असं धोरण आकार घेत होतं. लॉर्ड डेलमेअरसारखे जमीनदार त्यासाठी आकाशपाताळ एक करत होते. १९०८ मध्ये वसाहतमंत्री एल्गिन यांनी त्यावर मोहोर उठवली, कारण दिलं कारभाराच्या सोयीचं. अशा वेळी हिंदुस्थान्यांच्या हातात एकच कागद होता, १८५८ चा राणीचा जाहीरनामा: वंश आणि धर्म न बघता सर्व प्रजा समान. दादाभाईंपासून सगळे तोच कागद फडकवत होते. जीवनजींनी तो कागद पुतळ्याच्या भाषेत गावाच्या मध्यभागी उभा केला. गोऱ्यांनो, ही बघा तुमची राणी, आणि ही बाग तिच्या या प्रजाजनानं दिलेली. आता सांगा आम्ही कोण ते. खुशामत होतीच त्यात. पण खुशामतीच्या पोटात दावा होता, आणि त्यात पैसा घालताना त्या माणसानं हात आखडला नाही.

दावा मात्र टिकला नाही. १९०७ मध्ये चर्चिल तिथं येऊन गेले, आणि हिंदुस्थानी व्यापारी गोरा जाणार नाही तिथं पोचतो, मुलूख उघडतो, अशी वाखाणणी करून गेले. पुढे वसाहतमंत्री झाल्यावर त्यांचा सूर बदलला. १९१० च्या सुमारास जीवनजींना कायदेमंडळावर नेमलं, तिथले पहिले हिंदुस्थानी सभासद. गोऱ्या सभासदांच्या त्या खोलीत त्यांचं फारसं काही चाललं नाही, ते फार गेलेही नाहीत, आणि त्यांच्यानंतर कित्येक वर्षं तिथं हिंदुस्थानी नेमलाच नाही.

त्यापेक्षा ते लंडनला गेले. तिथं १९१० मध्ये एका वर्तमानपत्राला मुलाखत दिली. गोरे आम्हाला नको करतात, आमच्या पैशावर आणि घामावर उभा राहिलेला मुलूख आम्हालाच बंद करतात, हे सगळं त्यांनी सांगितलं. आणि पुढे असंही म्हणाले की हा आफ्रिकेतला प्रदेश सरळ हिंदुस्थानच्या साम्राज्याला जोडून टाका, व्हाइसरॉयच्या हाताखाली द्या, आमच्यासाठी खुला करा, काही वर्षांत तिथं दुसरा हिंदुस्थान उभा राहील.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. बरोबरीसाठी लढणारा माणूस, आणि मागणी काय तर दुसऱ्याचा देश आमच्या खात्यावर जमा करा! १९०४ मध्ये, जीवनजींचा बाजार उभा राहिला त्याच वर्षी, मसाईंना करार करून रिफ्ट व्हॅलीतल्या त्यांच्या कुरणांतून उठवलं होतं. १९०५ मध्ये नंदी लोकांचा पुढारी कोइतालेल याला बोलणी करायला म्हणून बोलावून गोळी घातली होती, कारण त्याची माणसं कित्येक वर्षं रेल्वेला विरोध करत होती. हे सगळं जीवनजींच्या डोळ्यांदेखत. त्यांच्या मागणीत या लोकांचा उल्लेख नाही. हायलँड्सचं भांडण त्यांच्या लेखी दोन गिऱ्हाइकांत होतं, गोरं आणि हिंदुस्थानी. ज्याची जमीन, तो दुकानाबाहेर उभा.

त्या काळात सगळेच तसा विचार करत, असं म्हणून सोडून देता येतं. मला ते पटत नाही, कारण जीवनजी काही सगळ्यांसारखे नव्हते. आणि दुसऱ्या बाजूनं, आपण मुंबईचे लोक जमशेटजी जीजीभाईंच्या नावाच्या इस्पितळात उपचार घेतो तेव्हा चीनला गेलेल्या अफूचा विचार करत नाही. नाना शंकरशेटांनी आगगाडीसाठी स्वतःच्या वाड्यात कचेरीला जागा दिली हे अभिमानानं सांगतो, ती गाडी कोणाच्या सोयीची होती ते विचारत नाही. मग एकट्या जीवनजींचा हिशेब का तपासायचा? कदाचित ते आपले नाहीत म्हणून सोपं जातं. किंवा मी त्यांच्या गावात राहिले, त्यांच्या बागेत डबा खाल्ला, म्हणून हक्क वाटतो.

पुढचं लवकर सांगते. १९१२ मध्ये त्यांनी हिंदुस्थान्यांची बाजू मांडणारं पत्रक काढलं. १९१४ मध्ये मोंबासात हिंदुस्थान्यांची जी काँग्रेस उभी राहिली तिच्या संस्थापकांत ते होते. दहा वर्षांनी सरोजिनी नायडू तिच्या अध्यक्ष म्हणून मोंबासाला आल्या. मधल्या काळात, १९२३ मध्ये, लंडननं एक श्वेतपत्रिका काढून सगळ्यांची तोंडं बंद केली: केनिया हा आफ्रिकनांचा मुलूख आहे, त्यांचं हित सर्वोच्च. वाचायला किती छान. गोऱ्यांची स्वतःच्या राजवटीची मागणी तीत फेटाळली, हिंदुस्थान्यांची समान मतदानाची फेटाळली, हायलँड्स गोऱ्यांकडेच ठेवले, आणि आफ्रिकनांना त्या सर्वोच्च हितापैकी लगेच काहीच दिलं नाही. तरी ते वाक्य एकदा छापलं गेलं ते गेलंच. चाळीस वर्षांनी ते खरं करून घेण्यात आलं, पण त्यासाठी माउ माउच्या उठावात रक्त सांडावं लागलं.

जीवनजींचं वैभव तोवर ओसरलं होतं. १९३६ मध्ये ते नैरोबीतच वारले. त्यांचं मार्केट नगरपालिकेकडे गेलं होतं आणि तिनं जवळच नवं, मोठं सिटी मार्केट बांधलं, ते आजही चालू आहे. तिथं फुलं घ्यायला मी जायची. इंडियन बाझारची बाझार स्ट्रीट झाली आणि स्वातंत्र्यानंतर बियाशारा स्ट्रीट.

बाग राहिली. दुपारी नैरोबी विद्यापीठाची पोरं, कचेऱ्यांतले कारकून, फोटोग्राफर, आणि घसा फुटेपर्यंत बायबल सांगणारे प्रचारक, सगळे तिथं असतात. एका कोपऱ्यात ‘बुंगे ला म्वानांची’ भरतं, म्हणजे जनतेची लोकसभा. बाकांवर बसून, उभं राहून माणसं राजकारणावर वाद घालतात, जमिनीवर सगळ्यात जास्त. कोणी जमिनी लाटल्या, कोणाच्या परत मिळाल्या नाहीत, कोणाच्या बापाला कुठून हाकललं. मला स्वाहिली अर्धीमुर्धीच कळे, पण ‘अर्धी’ हा शब्द नीट ओळखता यायचा. त्यांच्याकडे जमिनीला तेच म्हणतात. राणीचा पुतळा काही वर्षांपूर्वी कोणीतरी रात्रीतून मोडून पाडला. चापेकरांच्या मानानं उशीरच झाला.

१९९१ मध्ये ही बागही जाणार होती. तिथं बहुमजली पार्किंग बांधायचा बेत ठरला होता. सरकार राष्ट्राध्यक्ष मोईंचं, आणि मोक्याच्या सरकारी जागा गिळायची तेव्हा चढाओढच होती. दोनच वर्षं आधी पर्यावरण कार्यकर्त्या वंगारी मथाईंनी उहुरू पार्कमधला साठ मजली टॉवर अडवला होता, त्यामुळे बागेसाठी भांडता येतं हे लोकांना ठाऊक झालं होतं. झरिना पटेल पुढे झाल्या. आजोबांनी ही जागा नैरोबीच्या लोकांना दिली आहे, नगरपालिका ती विकू शकत नाही, हा त्यांचा मुद्दा. लोक उभे राहिले आणि बेत मागे घ्यावा लागला. ज्या दानपत्रात आफ्रिकन माणूस कोणाच्या मनात नव्हता, त्याच्या जोरावर आफ्रिकन माणसाची दुपारची सावली वाचली. याचं श्रेय जीवनजींना द्यायचं की नातीला, यावर माझा माझ्याशीच वाद आहे. सध्या मी नातीच्या बाजूनं आहे.

२०१७ मध्ये केनिया सरकारनं तिथल्या हिंदुस्थानी वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. त्या सुमारास मी बियाशारा स्ट्रीटवर एका कच्छी काकांच्या दुकानात पडद्याचं कापड घेत होते. ऐंशीच्या घरातले, गल्ल्यावर स्वतः बसणारे. मी त्यांना जीवनजींचं विचारलं. आमची भाषा हिंदी, गुजराती आणि खाणाखुणा. ते म्हणाले, “त्यांनी माणसं आणली म्हणतात. आमच्या आजोबांना कोणी आणलं नाही हं. ते जहाजाचं भाडं भरून आले, डेकचं.”

हे त्यांनी दोनदा सांगितलं. भाडं भरल्याचं.

“पण बाग चांगली केली,” असं म्हणत त्यांनी कापड मापायला घेतलं. मी पार्किंगचा किस्सा काढला. तो त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता, सभांनाही गेले होते म्हणे. कात्रीनं कापड फाडता फाडता म्हणाले, “वाचली ते बरंच झालं. गाडी लावायला जागा झाली असती तर आमच्या गिऱ्हाइकाला सोपं पडलं असतं, तो भाग वेगळा.”